सहाची बॅच

भंवरकुआंला, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याच्या खोलीत
चोवीस जणांच्या जागेत बत्तीस बसतात.
खडू मी घरून आणते. इथले सादळलेले असतात,
फळ्यावर घसरतात, उमटत नाहीत.

"नायदर लिहिलंत," मी सांगते, "की नॉर देणं लागता.
उधारी आहे ती. वाक्य संपायच्या आत फेडायची.
ऑरवर भागवाल तर मार्क जाईल,
वर पाव मार्क कापतील तो निराळा."
पाव मार्क सगळ्यांना कळतो. पेनं हलतात.

देवासचा भूपेश विचारतो, नॉट ओन्ली लिहिलं
आणि बट ऑल्सो लिहिलंच नाही, तर?
"तर पोहे आले आणि जिरावन राहिलं," मी म्हणते.
खोली हसते. मीही, थोडी उशिरा.

मराठीत हे कुणी शिकवलं नव्हतं मला.
जो म्हटलं की तो यायचाच, जिथे म्हटलं की तिथे.
आई भांडी विसळताना म्हणायची, ज्याचं जळतं त्याला कळतं,
आणि ते व्याकरण आहे हे तिला माहीत नव्हतं.
ती कुणाबद्दल म्हणायची, हे मला.

आज तो नियम, जो दर बॅचमध्ये अर्धे जण चुकवतात:
कर्ते दोन असले, एक लांब, एक जवळ,
तर क्रियापद जवळच्याचं ऐकतं.
लांबचा कितीही अनेकवचनी असो.

पुस्तकात शिक्षक आणि विद्यार्थी असं उदाहरण आहे. बरं आहे.
माझ्या हातून फळ्यावर भलतंच होतं:
आयदर माय ब्रदर्स ऑर आय, पुढे रिकामी रेघ, पुढे रिस्पॉन्सिबल.

"आर!" म्हणतात एकतीस जण. ब्रदर्स आहेत ना, मॅडम, बहुवचन.
"ॲम," म्हणते खरगोनची रुबीना मन्सूरी, वहीत बघूनच.
तिच्या घरी कोण कोण आहे, मी विचारलेलं नाही.

फेब्रुवारीत हॉस्पिटलच्या फॉर्मवर छापलेलं होतं,
पुत्र अथवा पुत्री, जो लागू न हो उसे काट दें.
मी पुत्र काटला. पेन त्यांचंच, दोरीनं बांधलेलं.
तिन्ही भाऊ पैसे पाठवतात, वेळेवर, हेही लिहायला हवं;
धाकटा तर व्हिडिओ कॉलवर रडलासुद्धा.
म्हणजे नुसते पैसेच नव्हेत, तर
माझंच वाक्य, आणि मीच सोडते आहे.

रामबागेत परतते तोवर साडेआठ.
झटक्यापासून बाबांना पहिला शब्द सापडतो, जोडीचा नाही.
"एकतर," म्हणतात, आणि खिडकीच्या गजांकडे बघत राहतात.
मी थांबते. कणीक मळून होते. कुकर बोलून घेतो.
पूर्वी वीज मंडळात दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका
लाल शाईनं काढायचे, ओळखीच्यांच्या जास्त.

काल अकराला, दिवा मालवल्यावर, पलीकडच्या खाटेवरून
स्वच्छ आवाजात आलं, "नाहीतर राहू दे."
"काय राहू दे, बाबा?"
उत्तर नाही. झोप लागली होती, किंवा नव्हती.

कुठल्या एकतरचं होतं ते?
त्याच संध्याकाळच्या, की पोळ्या करपल्या त्या मंगळवारच्या?
मी उठले, त्यांच्या पायांवर चादर ओढली,
स्वयंपाकघरात बसून वही उघडली.
रिकाम्या रेघेवर एकदा आर लिहून बघितलं.
कानाला बरं वाटलं.
मग भूपेशसाठी दुसरं वाक्य शोधायला लागले,
ज्यात घरचं कुणी नसेल.